बल्बखाली रंगवलेली मिल

बाबांना जाऊन काही महिने झाले होते, तरी मिलच्या भोंग्याला माय अजून उठत असे. रात्रपाळीचा भोंगा वाजला की ती फळीवरून डबा काढायची, थोडा वेळ हातात धरायची आणि परत ठेवायची. आपण पाहिलंच नाही असं मी दाखवत असे.

मी तेव्हा नागपुरात चित्रकला शिकत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे तिथं नेमकं काय शिकवतात हे घरी सांगणं जमत नसे. मामा बाबांच्याच मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. वारलेल्या कामगाराच्या जागेवर मुलाला घ्यायची तिथं रीत होती आणि मामानं माझ्यासाठी शब्द टाकला होता.

"सोमवारी पाठव म्हन्ते साहेब," तो मायला म्हणाला. "चित्रं काय, सुट्टीच्या दिवशी काढन."

माय उठून चहा टाकायला गेली.

त्याच आठवड्यात सरांनी विषय दिला होता, रात्रीचं शहर. माझं पहिलं चित्र त्यांनी सगळ्या वर्गाला दाखवलं.

"काहून गा, तुमच्या मोहल्ल्याची लाइट गेली होती का?"

वर्ग हसला. रात्र म्हणून मी कागदभर काळा रंग फासला होता.

"काळ्याची बाटली बंद कर. निळ्यात जांभळा टाक. अन् दिवा दिसला की भिऊ नको, लाव रंग."

मी तर भीतच होतो. संध्याकाळी रेल्वेच्या पुलावर गेलो. तिथून मिल अख्खी दिसायची. लांब भिंत, चिमणी, उजळलेल्या खिडक्यांच्या रांगा. पेन्सिलीनं रेषा काढून आणल्या आणि रंग घरी भरायला बसलो. घरात एकच बल्ब, पिवळा आणि मंद. त्या उजेडात निळा काळपट दिसतो, केशरी फिका पडतो, हे मला ठाऊक नव्हतं. खिडक्या काही केल्या पेटेनात, म्हणून मी केशरीवर केशरी आणि त्यावर लाल चढवत गेलो. बाबा पाळीवरून आले की दारात सदऱ्यावरचा कापूस झटकायचे. तसाच आवाज मागून आला. वळून पाहिलं, दार बंद होतं. पुन्हा रंगवायला लागलो, आणि तो आवाज पुन्हा आला.

सकाळी मायनं दार उघडलं आणि ऊन चित्रावर पडलं. आभाळ भडक निळंजांभळं झालं होतं. मिल आग लागल्यासारखी दिसत होती. मी घाईनं कागद उलटा करायला गेलो, पण भांडी घासता घासता माय उठून आली होती.

"कोन्त्या खिडकीत राहे तुहा बाप?"

"मले माहीत नाही, माय. मी आत गेलोच नाही कधी."

"मंग काढलं काहून?"

ती खाली बसली. खिडक्यांवरून तिची नजर सावकाश फिरली आणि एका खिडकीवर तिनं बोट टेकवलं.

"हीच असन."

हात ओला होता. बोटाला लाल रंग लागला. तिनं तो पदराला पुसला नाही, नुसती पाहत राहिली.

"त्याचा खोकला ऐकू येते मले अजून," ती म्हणाली. "तुह्या मामाले मी सांगीन. तू नको जाऊ तिथं." मग उठता उठता म्हणाली, "अन् हे घरात नको ठेवू. हे समोर असलं तं मले झोप नाही लागन."

सोमवारी मी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून कॉलेजात नेलं. सरांनी ते उजेडात धरलं. मग मायच्या बोटानं फिसकटलेल्या त्या खिडकीकडे बोट करून म्हणाले, "एवढं नीट कर."

मी लाल कालवला. तो वाटीत सुकून गेला तरी ब्रश माझ्या हातातच होता.