वेल्डा रीनगार्टची टेकडी

एल्म बेंडमध्ये कुणाची गाय कुठल्या कुंपणातून पळते, कुणाचा मुलगा घरी पत्र टाकत नाही आणि कुणाच्या तळघरात बटाट्यांनी पाय ठेवायला जागा उरलेली नाही, हे सगळं वेल्डा रीनगार्टला ठाऊक. सत्तावीस वर्षं तिनं आमच्या भागात टपाल वाटलं. कॅन्ससच्या या सपाटीवर दर मैलाला एक रस्ता, उभा नि आडवा, वहीवर आखल्यासारखा. त्यातला कुठला खडीचा आणि कुठला नुसत्या मातीचा, म्हणजे चार थेंब पडले की गाडी राड्यात गेलीच समजा, हे बाईला झोपेतून उठवून विचारा.

एप्रिल उजाडला की बाहेरगावचे हौशी येतात. गाडीच्या टपावर कॅमेरे, अंगात छापील बनियन, आणि टोर्नाडो दिसला की त्याच्या मागं सुसाट. वेल्डा त्यांना ‘जत्रा’ म्हणते. दर वर्षी जत्रेतला एखादा शहाणा मातीच्या रस्त्यावर रुततो आणि वेल्डाच्याच गाडीला दोर बांधून बाहेर निघतो. “काय रे बाबा,” ती विचारते, “तू वादळाला पकडायला आलास की वादळानं तुला पकडावं म्हणून?” पोरगं ओशाळून हसतं. मग ती त्याला एक बीरॉक देते. बीरॉक म्हणजे कोबी आणि खिमा भरलेला पाव. आमच्या आज्या रशियातल्या व्होल्गा नदीकाठाहून येताना तेवढंच शहाणपण बरोबर घेऊन आल्या, असं आमच्याकडं म्हणतात.

वेल्डा स्वतः कधीच कशाच्या मागं धावली नाही. ती बसते. अग्निशमन ठाण्याचे नऊ टेहळणीवाले आहेत, सगळे बिनपगारी, आणि त्यांत ही सगळ्यांत जुनी. दफनभूमीची टेकडी तिची. तिथून ईशान्येला गाव दिसतं, वायव्येला सात नंबरचा रस्ता आणि ओढ्याचा पूल, आणि पश्चिमेला आभाळ, हवं तेवढं. गाडीचं तोंड पळवाटेकडं, शेजारच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेले बीरॉक, मांडीवर दुर्बीण आणि हातात वायरलेस. अशी ती तीन तीन तास बसते. टोर्नाडो दिसतो तीन वर्षांतून एखादा. बाकी सगळी नुसती वाट बघणं! कुणाला जमेल हो? मला तर अर्ध्या तासात मुंग्या येतात.

आभाळ वाचायला ती टपालाच्या गाडीतच शिकली. दर फेब्रुवारीत ठाण्यावर ती नव्या लोकांना शिकवते तेव्हा ऐकावं. “ढगाच्या बुडाला लोंबणारी प्रत्येक चिंधी म्हणजे टोर्नाडो नव्हे. ती फिरते का ते बघा. एक पूर्ण मिनिट बघा. फारच घाई झाली तर अर्धा बीरॉक खा आणि मग परत बघा.” लोक हसतात. पण पुढचं ती सांगते तेव्हा कुणी हसत नाही. वायरलेसवर एकानं बटण दाबलं की बाकी आठांची तोंडं बंद. म्हणून चारच गोष्टी बोलायच्या: काय दिसतंय, कुठं, कुणीकडं चाललंय, किती वाजले. एकदाच बोलायचं. कुणाचं नाव नाही, कुणाला निरोप नाही, अरे देवा नाही.

आणि हे तिचं नुसतं बोलणं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी लायल नावाच्या टेहळणीवाल्यानं ऐन वेळी बटण दाबून “आई, खाली जा! आई, तळघरात जा!” असा टाहो फोडला. टोर्नाडोची सोंड काही जमिनीवर उतरली नाही, म्हातारी सुखरूप राहिली. पण तेवढ्या वेळात दक्षिणेकडच्या माणसाचा निरोप कुणालाच ऐकू गेला नाही. वेल्डानं लायलचं नाव त्या हंगामापुरतं यादीतून काढलं. “आई सगळ्यांनाच असते,” एवढंच म्हणाली. फार कडक वागली असं गावात बरेच जण म्हणाले. मीही म्हणालो होतो.

गेल्या मे महिन्यात एके दिवशी दुपारपासूनच हवा अशी झाली होती की कपडे अंगाला चिकटावेत. पाचच्या सुमाराला पश्चिमेचं आभाळ हिरवट काळं झालं. वेल्डा टेकडीवर. घरी तिचा नवरा मर्व्हिन. त्याच्या कमरेचा सांधा नुकताच बदललेला, हातात काठी. सात नंबरच्या रस्त्यावर ओढ्याच्या पुलाशी एकच घर आहे, ते यांचं.

“डुएन,” वायरलेसवर तिचा आवाज आला. डुएन म्हणजे ठाण्यात बसून सगळ्यांचे निरोप घेणारा आणि भोंगा वाजवणारा. “ढग खाली आलाय आणि फिरतोय. सात नंबरच्या पश्चिमेला दोन मैल. ईशान्येला चाललाय. पाच सतरा.”

“ऐकलं, वेल्डाबाई. भोंगा लावतो.”

आता आमच्या गावाचं एक खूळ सांगायलाच हवं. भोंगा वाजला की तळघरात जायचं, हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण भोंगा वाजला की आम्ही जातो ओसरीवर! बघायला! आजोबा जायचे, बाप जायचा, आम्हीही जातो. मर्व्हिन तर नेहमीच. ओसरीवरच्या खुर्चीत, शेजारी वायरलेसचे निरोप ऐकायचा छोटा रेडिओ लावून. “बायको घरात माझं ऐकत नाही, म्हणून मी तिचं बाहेर ऐकतो,” असं सगळ्यांना सांगायचा.

सोंड जमिनीला टेकली तेव्हा पाच एकवीस झाले होते. वेल्डानं ते सांगितलं आणि दुसऱ्या हातानं घरी फोन लावला. वाजला, वाजला, वाजत राहिला. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, आणि नवरा कुठं असणार हे तिला पक्कं माहीत. दुर्बिणीतून तिला आपलं छप्पर दिसत होतं, पवनचक्की दिसत होती, आणि त्यांच्यामागं ती काळी सोंड, सरळ पुलाकडं येणारी. घर तीन मैलांवर. गाडी काढली असती तर चार मिनिटं. पण मग ती सोंड गावाकडं वळते की नाही हे कुणी सांगायचं? दक्षिणेकडचे दोघे टेहळणीवाले पावसात आंधळे झाले होते. गावाच्या उत्तर टोकाला म्हाताऱ्यांचा आश्रम आहे, एकतीस माणसं, त्यांतली निम्मी चाकाच्या खुर्चीत. आणि इकडं ओसरीवर काठीवाला एक, ज्याला तळघराच्या पायऱ्या उतरायला दोन मिनिटं लागतात.

तिनं बटण दाबलं.

“टोर्नाडो जमिनीवर. सात नंबरचा रस्ता, ओढ्याचा पूल. ईशान्येला. पाच बावीस.”

 पुलाशी घर कुणाचं हे डुएनला ठाऊक होतं, आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत रेडिओला कान लावून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, अगं घे ना त्याचं नाव, घे एकदा, कोण तुला फाशी देतंय!

“सात नंबरचा रस्ता, ओढ्याचा पूल,” ती पुन्हा म्हणाली. इतक्या वर्षांत वायरलेसवर ती एकच गोष्ट दोनदा बोलली, ती तेवढीच.

मग अडीच मिनिटं काहीच नाही. आणि मग त्याच आवाजात, टपालपेटीचा नंबर वाचून दाखवावा तशी: “सात नंबरवर, पुलाशी, एक घर गेलं. पवनचक्की गेली. टोर्नाडो उजवीकडं वळतोय. आता पूर्वेला. गावाच्या उत्तर टोकाकडं. डुएन, आश्रम. पाच पंचवीस.”

आश्रमातल्या बायकांनी सात मिनिटांत एकतीस माणसं मधल्या बोळात आणली, अंगावर गाद्या टाकल्या. छपराचा उत्तरेकडचा भाग गेला, खिडक्या सगळ्या फुटल्या, एका म्हाताऱ्याचा हात मोडला. माणूस एकही गेला नाही. वेल्डा टेकडीवरच होती. सोंड बारीक होऊन गव्हाच्या शेतात विरली, ते सांगितलं, वेळ सांगितली, “आता मी निघते” म्हणाली, आणि मग गाडी अशी हाणली की सांगता सोय नाही.

घराच्या जागी पाया होता. आम्ही पोचलो तेव्हा ती तळघराच्या दारावर पडलेला धान्यकोठीचा पत्रा एकटी ओढत होती. हातातून रक्त येत होतं. तोंडानं “मर्व्हिन, मर्व्हिन, मर्व्हिन” चाललेलं, थांबतच नव्हतं. सगळ्यांच्या आधी तिच्यापाशी धावला तो लायल. त्यानं पत्र्याचं दुसरं टोक धरलं.

दार उघडलं. खालून आवाज आला, “हळू, बाई! माझ्या डोक्यावर पाडशील.”

काठीसकट वर आला, धुळीनं पांढरा झालेला. घराकडं बघितलं, म्हणजे जिथं घर होतं तिकडं. मग बायकोकडं बघितलं आणि भडकला!

“एक्केचाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. माझं नाव तेवढं तुला घेता आलं नाही? तू दोनदा बोललीस म्हणून खुर्चीतून उठलो. नाहीतर बसलो होतो की बघत! नाव घ्यायला काय झालं होतं?”

आम्ही सगळे माना खाली घालून पत्रे उचलायला लागलो. मला वाटलं, ती नियम सांगेल. आई सगळ्यांनाच असते म्हणेल.

“तुझं नाव घेतलं असतं ना,” वेल्डा म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेला तिचा आवाज तिथं फुटला, “तर मला त्यापुढं एक अक्षर बोलता आलं नसतं, मर्व्हिन. मग आश्रमाचं कोण सांगणार होतं?”

मर्व्हिननं काठी मातीत टोचली. मग लंगडत तिच्या गाडीपाशी गेला, दार उघडलं, शेजारच्या सीटवरचे बीरॉक उचलून मागं ठेवले आणि आत बसला.

“कुठं निघालास?” तिनं विचारलं.

“कुठं नाही. ओसरी राहिली नाही, आता मी इथंच बसणार. पुढच्या वेळी मला काय सांगायचं असेल ते तोंडावर सांग.”