करड्या कपाटावरचे दाणे

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. भाड्याच्या इमारतींमध्ये एकेक कार्यालय सुरू होत होतं आणि प्रत्येकाला लोखंडी कपाटं हवी होती. आमच्या घरात रंग फवारायची गन आली ती त्यामुळेच. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. तोवर ते ब्रशने दारं-खिडक्या रंगवायचे. कपाटावर ब्रशच्या रेघा चालत नाहीत, म्हणून पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी गन शिकून घेतली. मागच्या अंगणात, पत्र्याखाली, एक जुना कॉम्प्रेसर आणून बसवला.

गन धुण्याचं काम माझ्याकडे होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. बारीक काम शिकलेल्या माणसानं करावं, असं दादांचं म्हणणं होतं. आता वाटतं, मला त्याचा थोडा गर्वच होता.

काम तसं अवघड नव्हतं. उरलेला रंग काढायचा, गनच्या कपात थिनर घालून ती चालवायची, पुढची टोपी काढून तिची भोकं मऊ ब्रशने साफ करायची, आतल्या सुईला तेलाचा एक थेंब द्यायचा. भोकात तार घालायची नाही, हे दादांनी दोनदा बजावलं होतं. आणि सगळ्यात शेवटी डब्यातलं कोरं थिनर घालून एकदा फवारायचं.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. टँकर चार-चार दिवसांनी यायचा. आमच्याकडे कुठलंच पाणी एकदा वापरून सांडत नसे. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं निवळलं की अंगणातल्या लिंबाच्या रोपाला. अंघोळ परातीत बसून करायची आणि परातीतल्या पाण्यात कपडे भिजवायचे. मला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की थिनरचंही मी तेच करायला लागले. वापरलेलं थिनर एका डब्यात झाकून ठेवायचं, गाळ खाली बसला की वरचं निवळ घ्यायचं. आधी पहिल्या धुण्याला, मग शेवटच्यालाही तेच. दिसायला ते स्वच्छ होतं, निदान मला तरी. दादांना मी सांगितलं नव्हतं. थिनरचा डबा दुप्पट दिवस पुरला म्हणजे सांगू, असं मनात होतं.

मग नमुन्याचं कपाट आलं. कपाटं बनवणाऱ्या शेडवाल्यानं सांगितलं होतं, हे कार्यालयातल्या साहेबांना पसंत पडलं तर पुढचं सगळं रंगकाम तुमच्याकडे. दादांनी दोन्ही बाजू मारल्या, त्या ठीक झाल्या. दाराला मात्र गन थुंकल्यासारखी करायला लागली. करड्या रंगात बारीक बारीक दाणे उठले. दादांनी आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून रंग गाळून घेतला आणि पुन्हा मारला. पुन्हा तेच.

दुपारी शेडवाला बघायला आला. दारासमोर जरा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "पेंटर, कपाटाला देवी आल्या का हो?"

दादाही हसले. उद्या संध्याकाळी कपाट नेतो म्हणून तो गेला. मग दादा बाजेवर बसले, उजवा हात समोर धरून त्याच्याकडे बघत राहिले.

"हात थरथरायलाय माझा," ते आईला म्हणाले. "ह्या वयात मशीन न्हाई जमायचं."

गन कुणाला तरी देऊन टाकू, आपली दारं-खिडक्या बऱ्या, असंही म्हणाले.

मी तेव्हा गनची टोपी काढून बघत होते. भोकांच्या कडेला आणि नोझलच्या तोंडाशी, निवळ थिनरमध्ये राहून गेलेल्या रंगाची वाळलेली साय धरली होती. तिचेच तुकडे सुटून दारावर पडत होते. मला कळलं, आणि तरी मी लगेच बोलले नाही. शिकलेली म्हणून त्यांनी मला हे काम दिलं होतं. ते त्यांना तसंच वाटत राहावं, असं मला वाटत होतं. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

दादा उठले आणि रॉकेलच्या डब्यातून त्यांचा जुना ब्रश काढून फडक्याला पुसायला लागले. तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"दादा, हात न्हाई थरथरत तुमचा. गन मी नीट धुतली न्हाई."

मग डब्याचं, निवळलेल्या थिनरचं सगळं सांगितलं. त्यांनी टोपी हातात घेतली, उजेडाकडे धरली, नखानं ती साय खरवडली.

"पाण्यासारखं वापरलीस व्हय?"

"व्हय."

त्यांनी आईकडे बघितलं. आई भाजीच्या पाण्यात भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आता हिला मीच शिकवलं म्हणा."

टोपी आणि नोझल कोऱ्या थिनरमध्ये भिजत घातलं. दार मात्र घासून पुन्हा गुळगुळीत करायला हवं होतं, आणि त्याला पाणीपेपर, म्हणजे बारीक घासकागद लागतो. तो कोरडा चालत नाही, सारखा ओला ठेवावा लागतो. टँकर परवा येणार होता. आईनं डोकं धुवायला अर्धी बादली राखून ठेवली होती, ती आणून दारापाशी ठेवली. डोकं काय, पुढच्या आठवड्यात धुईन म्हणाली. दादा घासत होते, मी पाणी सोडत होते. पाणी करडं झालं. मी सवयीनं ते लिंबाकडे घेऊन निघाले, तर रोप मरंल म्हणून दादांनी अडवलं. रस्त्यावर नेऊन ओतलं. शेजारच्या दोघी ओट्यावरून बघत होत्या.

सकाळी दादांनी आधी एका खोक्यावर मारून बघितलं. पट्टा सारखा पडला. मग दार. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हात सरळ गेला, परत आला. एकही दाणा नाही. गन खाली ठेवून त्यांनी पुन्हा हात समोर धरला.

"बराय की अजून," ते म्हणाले.

मी गन धुवायला घेतली. शेवटच्या धुण्याला कोरं थिनर ओतताना माझा हात आपोआप आखडला. दादा मागे येऊन उभे होते.

"घाल अजून," ते म्हणाले.