बकरीचोराला लोढणं

मी चौथी नापास. तरी त्या दिवशी न्याय कसा करायचा ते सरकारला शिकवायला निघालो होतो.

झालं असं, की आमच्या वस्तीवरल्या पंधरा वर्षांच्या पोरानं माझी बकरी सोडून नेली आन पाचोडच्या बाजारात कसायाला विकली. माझी कसली, बायकोची. ती वारून तीन महिने झाले होते. शेवटच्या दिवशीबी बकरीला हातानं पाला चारला तिनं. माझ्याशी मात्र काही बोलली नाय.

खटला शहरात, बाल न्याय मंडळापुढं. मी नवा फेटा बांधला, बसमध्ये भाषण पाठ केलं. वाटलं, उंच खुर्चीवर साहेब असतील, पोराला बेड्या असतील. बघतो तर साधं टेबल. पोलीसबी साध्या कपड्यात. पोरगं आईशेजारी मान खाली घालून बसलेलं. टेबलामागच्या न्यायाधीश बाई म्हणाल्या, "बाबा, बसा. पाणी घ्या." अर्धं भाषण पाण्याबरोबर पोटात गेलं.

उरलेलं मी ओरडलो, "याला कोंडा! नायतर गळ्यात लोढणं बांधा!"

"लोढणं म्हणजे?"

मला कुणी काही विचारलं, की मी सुटतोच. "ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ठोकळा अडकवायचा. पळालं की पायावर आपटतो. चरता येतं, पळता येत नाय."

"मग कोंडूनच का नाही ठेवत?"

"कोंडलेलं जनावर बिथरतं, बाई. सुटलं की दुप्पट पळतं. इतकंबी कळत नाय व्हय?"

"कळलं," म्हणून बाई हसल्या. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की मी चोराचा वकील झालोय.

आताशा पोरांना कोंडण्यापेक्षा गावातच कामाला लावून बघतात म्हणे. ठरलं असं, की सहा महिने दर रविवारी पोरानं माझ्याकडं कामाला यायचं. सरकारी मॅडम चौकशीला येणार. टाळाटाळ केली तर सुधारगृह. "चालेल ना, बाबा?" पोराची आई माझ्याकडं बघत होती. नाय म्हणायला तोंड उघडलं आन व्हय म्हणून मान डोलवून बसलो.

पहिल्या रविवारी पोरगं आलं. "आबा, काय करू?"

"बकऱ्या..." म्हणत मी गोठ्याकडं हात केला.

"बकरी तर नाय."

"तूच विकली ना, भाड्या! चहा टाक."

माझा चहा रोज उतू जातो, म्हणून त्याला बसवला चुलीपुढं. त्यानं विचारलं, "आजी साखर किती टाकायची?"

चाळीस वर्षं बायकोच्या हातचा चहा पिलो. कधी विचारलं नव्हतं. म्हणालो, "टाक अंदाजानं." पाक झाला नुसता. दोघांनीबी पिला.

दुसऱ्या रविवारी पोरगं दुपारी उगवलं. मी सकाळपासून उंबऱ्यावर. "कुठं मेला व्हतास?" म्हणून खेकसलो.

संध्याकाळी मॅडम आल्या. वेळेवर आला का, विचारलं.

"माझ्या आधी उठून आला," मी म्हणालो. पोरगं मान खाली घालून कपबशा विसळत राहिलं.