बाईंनी काढलेल्या सिस्टर

चित्रकलेच्या बाई बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत नसत, कानांकडे पाहत. "तोंड खोटं बोलतं गो, कान नाय बोलत," म्हणायच्या. शहापूरच्या शाळेत नव्वदच्या सुमारास त्या आम्हा मुलींना शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ धसईला शेती करायचा.

त्यांना टीबी झाला. भावाच्या घरात तान्हं मूल, म्हणून मुरबाडजवळ ख्रिस्ती सिस्टरांच्या दवाखान्यात त्या सहा महिने राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

भाऊ शाळेत आला. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. व्हरांड्यात, आमच्यादेखत तो म्हणाला, "बाबांनी सगल्यांसाठी धर्म बदलला. तू एकटीसाठी बदललास."

बाईंनी त्याच्या कानांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझी थुंकी पुसताना तिथं कुनी तोंड फिरवलं नाय, दादा."

दर रविवारी त्या मुरबाडला जाऊन सिस्टरांची चित्रं काढत. "यांचे कान झाकलेले. आता तोंडावरच भागवायचं," म्हणत हसत. मी कॉलेजात गेले तोवर सात चित्रं झाली होती. एक सिस्टर लसूण सोलतेय, एक खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलीय, एक चक्क चिडलेली. देवपण कुणालाच दिलेलं नव्हतं.

ती चित्रं त्यांनी दवाखान्याला द्यायला नेली. नव्याने आलेल्या मोठ्या सिस्टर नम्रपणे म्हणाल्या, "आम्ही आमचे चेहरे भिंतीवर लावत नाही." सातही चित्रं एसटीने परत आली. वर्षभरात दवाखाना बंद झाला, सिस्टर दूर बदलून गेल्या. बाईंच्या पत्रांना एकदा उत्तर आलं, मग तेही नाही.

खोकला उलटला तेव्हा भावानेच त्यांना धसईला नेलं. मी भेटायला गेले, तर माझं मनगट धरून म्हणाल्या, "मला पुरा गो, जाळू नका. दादाला सांगशील?"

"हो," मी म्हणाले.

बाई गेल्याचं कळून मी पोचले, तेव्हा अंगणात त्रिशरण चाललं होतं. लाकडं आधीच स्मशानात गेली होती. मी सांगायला म्हणून भावाजवळ जाऊन उभी राहिले. त्याने रडून लाल झालेले डोळे वर केले.

"शेवटी घरी आली गो माझी बहीन," तो म्हणाला. "आली ना?"

"हो," मी म्हणाले, आणि तिरडीला वाट देत बाजूला सरले.