पातेलं खाली ठेवायचं नाही

माझं पातेलं जमिनीवर होतं. हॉलच्या दाराशी, जिथं सगळ्यांनी ओले कोट टांगले होते आणि बूट काढून ठेवले होते, तिथं. झाकणावर कुणाची तरी छत्री टेकवलेली.

इथं परदेशात, ब्लँचर्डस्टाउनला, आमच्या मराठी मंडळाची दिवाळी होती. प्रत्येकानं घरून एक पदार्थ करून आणायचा, ही पद्धत. मी भरली वांगी नेली होती. टेबलावर ठेवली, मुलीला बाथरूमला नेऊन आणलं, तेवढ्यात पातेलं खाली गेलं होतं. टेबलावर जागा होती. आणखी दोन पातेली मावली असती.

मी मुग्धावहिनींकडे पाहिलं. मंडळाच्या अध्यक्षांची बायको. जेवणाचं सगळं त्याच बघतात.

"अगं, पदार्थ फारच झालेत ना," त्या हसून म्हणाल्या. "उगाच वाया नको जायला."

माझी मुलगी इथंच वाढलेली. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी. तिनं ओढणी ओढली. "मॉम, व्हाय इज अवर्स ऑन द फ्लोअर?"

उत्तर मला माहीत होतं. आदल्याच आठवड्यात वहिनी आमंत्रण द्यायला आमच्या घरी आल्या होत्या. आमच्या बाहेरच्या खोलीत निळ्या कोटातला फोटो आहे. त्यांनी तो पाहिला. मग माझं आडनाव पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाल्या, पाणी नको गं, आत्ताच चहा झालाय. पेला भरलेला तसाच राहिला.

मी पातेलं उचललं आणि घरी आले. गाडीत नवरा म्हणाला, "जाऊ दे." आमच्याकडे वाडवडिलांचं सोनं नाही, जमीन नाही. 'जाऊ दे' तेवढं आहे.

संक्रांतीपासून वहिनींचा मेसेज ठरलेला. 'तू प्लेट्स आण हं. आणि पाण्याच्या बाटल्या.' दुसरीला बासुंदी, तिसरीला मसालेभात, मला कागदी प्लेट्स. दुकानातून आणायच्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, माझा हात न लागलेल्या. मी नागपूरची बी.फार्म. इथं शॉपिंग सेंटरमधल्या औषधाच्या दुकानात काम करते. मंडळातले निम्मे लोक तिथंच येतात. माझ्या हातची गोळी चालते. माझ्या हातची भाजी चालत नाही.

आणि मी प्लेट्स नेत राहिले. मुलीला मराठी माणसं दिसावीत म्हणून. राग यायचा, गिळायचा.

मग यंदा राष्ट्राध्यक्षांची निवडणूक आली. रस्त्यावरच्या खांबाखांबावर उमेदवारांचे चेहरे लागले. कुणी म्हणत होतं देश सुधारायचाय, कुणी म्हणत होतं देश आमचा आम्हाला परत द्या. हवा बिघडलेली होती. आमच्यातल्या एका मुलाला बसस्टॉपवर पोरांनी घेरून मारलं. ओठ फाटला, चष्मा फुटला. मलाही एकानं सायकलवरून जाता जाता 'गो होम' म्हणून अंडं फेकून मारलं. कोट धुतला. वास दोन दिवस गेला नाही.

मंडळाचे अध्यक्ष श्रीरंगदादा जागे झाले. आता हे दादा कधी निवडून आलेले नाहीत. आमच्याकडे अध्यक्ष ठरतो. कुणाच्या तरी दिवाणखान्यात, चहाच्या दुसऱ्या फेरीला. दादांनी ठरवलं, एका उमेदवाराच्या प्रचारकांना हॉलवर बोलवायचं, आपलं गाऱ्हाणं सांगायचं. अडचण एकच. इथं राष्ट्राध्यक्षाला मत द्यायला नागरिक असावं लागतं. दादांनी भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. देशप्रेम म्हणतात, पुण्यातले फ्लॅट म्हणत नाहीत. मंडळातल्या बायकांत नागरिकत्व घेतलेली मी एकटी.

वहिनींचा फोन आला. मेसेज नाही, फोन.

"दोन शब्द बोलशील ना ताई? की आम्ही सगळे एका कुटुंबासारखे राहतो, आमच्यात भेदभाव नाही, तुम्हीही करू नका. एवढंच." मग जरा थांबून, लाडात, "आणि या वेळी तू भरली वांगी आण हं. मेन टेबलावर ठेवू."

मी त्यांची ताई झाले होते. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. आज त्याचीच सगळ्यात जास्त चीड येते. पहाटे उठून दाणे भाजले, खोबरं भाजलं, छोटी वांगी मिळावीत म्हणून आदल्या दिवशी तीन दुकानं पालथी घातली होती. नवऱ्याला म्हटलं, बघ, बदलतात माणसं.

पातेलं खरंच टेबलावर होतं. मधोमध. प्रचाराला एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, सगळ्याला 'ग्रँड, ग्रँड' म्हणणाऱ्या. वहिनींनी त्यांना माझ्या पातेल्यातून वाढलं आणि फोटो काढला.

मी रांगेच्या कडेला उभी राहून बघत होते. मसालेभात घेतला, पुढे. कोशिंबीर घेतली, पुढे. माझ्या पातेल्यापाशी आले की प्रत्येकाला कुणाशी तरी बोलायचं आठवायचं. मान वळायची, पाय पुढे जायचे. पन्नासेक माणसं जेवली. माझ्या पातेल्यातली दोन वांगी कमी झाली होती, ती त्या बाईंच्या ताटात होती.

दादांनी माझं नाव पुकारलं. मी माईक घेतला.

पाठ केलेलं वाक्य तोंडात आलं आणि तिथंच अडलं. ते मी बोलले असते तर माझं पातेलं मीच उचलून जमिनीवर ठेवलं असतं.

"दॅट इज माय फूड," मी म्हणाले. "प्लीज आस्क देम हू एट इट."

शिक्षिकाबाईंचा काटा हातातच राहिला. दादा पटकन हसले. "शी इज जोकिंग. इट्स टू स्पायसी फॉर अस."

"तिखटाचं नाही, दादा," मी मराठीत म्हणाले. "आडनावाचं आहे."

मग इंग्रजीत सगळं सांगितलं. दाराशी ठेवलेलं पातेलं, न प्यायलेलं पाणी, प्लेट्स. म्हटलं, बाहेर मला गो होम म्हणतात आणि इथं प्लेट्स आण म्हणतात. दोन्ही एकच आहे. मी दोन्हीविरुद्ध बोलणार. फक्त एकाविरुद्ध बोलायला मी आलेले नाही.

कुणी टाळी वाजवली नाही. माझा आवाज शेवटी चिरकला, रडूही आलं. येऊ दे. बोलले मात्र सगळं. पातेलं उचललं, मुलीचा हात धरला, बाहेर पडले.

घरी पोचेपर्यंत मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपमधून मला काढलं होतं. वहिनींचा शेवटचा फोन आला. "ही वेळ होती का गं? बाहेर आपली माणसं मार खातायत."

"वहिनी," मी म्हटलं, "मार खायला मी आपली आणि जेवायला परकी?"

फोन बंद झाला.

मतदानाला मुलीच्याच शाळेत गेले. रांगेत मागून कुणी तरी पुटपुटलं, "दे लेट एनीवन इन नाऊ." मी वळून त्याच्याकडे बघितलं. तो बघेना, तरी बघत राहिले. टेबलावरच्या बाईंनी नाव विचारलं. इतकी वर्षं मी आडनाव हळू आवाजात सांगत आले. त्या दिवशी वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत जाईल असं सांगितलं.

इथं मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीनं क्रमांक द्यायचे असतात. एक, दोन, तीन. मी पेन्सिल हातात घेतली. जन्मल्यापासून लोकांनी मला क्रमांक दिला. सगळ्यात खालचा. आज क्रमांक मी देत होते. शांतपणे दिले.

घरी येऊन दादांना लिहिलं. ग्रुपमधून काढलंत, सभासद मी अजून आहे, वर्गणी भरलेली आहे. मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक घ्या. मी उभी राहणार.

नवरा म्हणाला, "हरशील." मी म्हटलं, "माहीत आहे." तो या वेळी 'जाऊ दे' म्हणाला नाही. कपाटातून मोठं पातेलं काढून दिलं.

निवडणुकीच्या सभेला मी ते घेऊन जाणार आहे. भरून. टेबलाच्या मधोमध ठेवणार. खायचं तर खा, नाही तर नका खाऊ. पण ते खाली ठेवायला ज्याचा हात पुढे येईल, त्याचं नाव मी तिथंच, माईकवर, मोठ्यानं घेणार आहे.