वामननाना आणि माझं स्टेजवरचं वाक्य

वामननाना आज पहाटे गेले, आणि बातमी ऐकून मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं.

कोणाला वाईट वाटलं तर वाटो. आधी पूर्ण वाचा.

नानांबद्दल मी एकदा जाहीर खोटं बोललो होतो. भरलेल्या हॉलमध्ये, माईकवर. ते दुरुस्त करायच्या आधी नाना गेले असते तर मला आज बोदवडच्या स्मशानात उभं राहता आलं नसतं.

नाना म्हणजे एका मसाला कंपनीत तीस वर्षं क्वालिटी बघितलेला माणूस. रिटायर होऊन बोदवडला राहायला आले.

मी जळगावात ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, करतो. ज्वारी भिजवायची, भरडायची, शिजवायची, ओल्या कापडावर थापायची, गच्चीवर वाळवायची. दहावी नापास आहे, पण माझा बिबडा हातात घेऊन मोडा. काठाला आणि मधे सारखाच आवाज येतो.

हा आवाज पहिल्यापासून नव्हता.

पुण्याच्या एका दुकानाची पहिली मोठी ऑर्डर. चारशे पाकिटं. मे महिना. दुपारी तीनला गच्चीवरून माल उतरवला आणि लगेच भरून सील केला. मला वाटलं, आपलं ऊन म्हणजे ओव्हन, आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना सहज आले. ओळख नवी होती. एक पाकीट उचलून उजेडात धरलं.

"हे आतून काय हाय?"

"थोडं धुकं आलंय, नाना."

"मे महिन्यात जळगावले धुकं! पेपरात दे."

मी म्हणालो, "माल कडक वाळलाय. मोडून बघा."

"वाळला, पन गार कुठी झाला? गरम भरला तू. रात्री आतल्या आत घाम आला त्याले. आठ दिवसांनी बुरशी. तुही पोरं खातीन का हे?"

संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने माल जाणार होता.

शेवटी म्हणालो, "गाडी बिघडली असं सांगतो."

"कारन सांगू नको. तारीख सांग. अन् त्या दुकानवाल्या बाईचा फोन यायच्या आधी सांग."

नानांनी समोर बसून फोन लावायला लावला. दुकानवाल्या मॅडमना म्हणालो, माल गरम भरला, चूक माझी, सगळा उघडून परत वाळवतोय, शुक्रवारी निघेल.



त्या म्हणाल्या, "माल निघायच्या आधी चूक सांगणारे तुम्ही पहिलेच. शुक्रवार म्हणजे शुक्रवार हं."

त्या आजही माल घेतात.

तेव्हापासून आमच्याकडे माल सुपात, सावलीत दोन तास गार होतो. दोन तास म्हणजे दोन तास. एक तास पन्नास मिनिटं नाही.

पुढे बरीच वर्षं नाना येत राहिले. कधी चहाच्या आधी चव घ्यायला लावत, चहानंतर जीभ खोटं बोलते म्हणून. कधी म्हणत, "जे गिऱ्हाईक तारीफ करतं त्याले सोड. जे परत आलं नाही त्याले फोन लाव." असे फोन लावून लावून माझा अर्धा धंदा सुधारला. सल्ल्याचे कधी काही घेतले नाहीत. जाताना फुटके बिबडे मात्र मागून न्यायचे.

आणि मी काय केलं?

मागच्या वर्षी जळगावात छोट्या उद्योजकांचा सत्कार होता. शाल, नारळ, फोटो. निवेदकाने विचारलं, "तुमचे गुरू कोण?"

मी म्हणालो, "मला कोणी शिकवलं नाही. जे शिकलो ते गच्चीवर, एकट्याने."

टाळ्या.

नाना तिसऱ्या रांगेत होते. मीच बोलावलं होतं.

त्यांनीही टाळ्या वाजवल्या. नंतर जवळ येऊन शालीचं टोक चिमटीत धरलं. "पॉलिस्टर हाय," म्हणाले, आणि गाडी पकडायला निघून गेले.

सात महिने मी त्यांना मालाबद्दल फोन करत राहिलो. त्या वाक्याबद्दल एकदाही नाही. दर वेळी ठरवायचो, दर वेळी मालाचंच बोलून फोन ठेवायचो.

मग कळलं, नानांचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी घरी पाठवलंय.

मागच्या रविवारी मोटरसायकल काढली. वाटेत वरणगावला चहाला थांबलो आणि तिथूनच परत फिरणार होतो. फिरलो नाही.

नाना खाटेवर उशीला टेकून बसले होते. सून पेज पाजत होती. मी बसायच्या आधीच बोललो.

"नाना, मी स्टेजवर खोटं बोललो. मला तुम्ही शिकवलं."



"हो," नाना म्हणाले. "मीच शिकवलं."

सूनबाई हसल्या. मला हसता येईना.

"राग आला होता?"

"दोन दिवस. तिसऱ्या दिवशी फाटकसाहेब आठवले. मले मिरची ओळखायले त्यांनी शिकवलं. मी बी कोनाले सांगलं नाही. कंपनीत मीच हुशार!"

"मग त्यांना कधी बोललात?"

"कुठी बोललो? ते गेले, अन् माहं राह्यलं."

मग नाना अर्धा तास फाटकसाहेबांबद्दलच बोलले. मिरचीचा देठ मोडून वास कसा घ्यायचे, रागावले की इंग्रजीत कसे बोलायचे. सूनबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत हे नाव घरात पहिल्यांदा ऐकलं.

निघताना नानांनी माझा हात धरला. "बरं झालं आला. दोघांचंही झालं."

आज पहाटे झोपेतच गेले. चेहरा शांत होता. मी नीट बघितला.

त्या दिवशी हॉलमध्ये जे होते, त्यातले बरेच जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. नानांना खासगीत सांगून झालं, पण टाळ्या सगळ्यांकडून घेतल्या होत्या. म्हणून हे इथे. यापुढे मला सेल्फमेड म्हणू नका.

वामननाना, तुमचा विद्यार्थी तुम्हाला हात जोडतो. सुखाने जा.