वर्गणीचे बूट

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करावं. अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं आहे. शाळा चौथीत सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, पण मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

माझी थोरली दहावीत होती तेव्हा पळायची. आमच्या सिरसाळ्यात बाईमाणसानं पळायचं ते एस.टी. सुटताना, एवढंच. ही तालुक्यात पहिली आली, मग बीडला पहिली आली, तेही अनवाणी. गावानं वर्गणी गोळा करून तिला औरंगाबादच्या स्पर्धेसाठी खिळ्यांचे बूट आणले. पण वर्गणी दिलेला माणूस मांडवात येऊन चार गोष्टी सुनावतोच. तसं आमच्या दारात सुरू झालं.

कटिंगवाला म्हणे, कच्ची अंडी द्या. सासूबाई रोज पिंडीवर बेल वाहतात. अंड्याचं नाव काढलं तर मला चुलीसकट बाहेर काढतील. गिरणीवाला म्हणे, मोड आलेले हरभरे द्या. खेळाचे सर म्हणे, पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही वेळा मैदानावर पाठवा. गणिताचे सर म्हणे, शिकवणी चुकवू नका. सांगणारे सगळे, पाय एकटीचे!

पोरगी ताटावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. विंचरताना केसांचे पुंजके हातात यायचे. पाळी थांबली तेव्हा मी घाबरून तिला परळीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हिला औषध नको, झोप द्या. झोप! ती काय किराण्यात मिळते?

घरी येऊन यांना सांगितलं, तर म्हणतात, "औरंगाबादची स्पर्धा होऊन जाऊ दे. लोकांचा पैसा हाय."

दुसऱ्या दिवशी मी तिला उठवलंच नाही. उन्हं अंगणात आली, तसे किराणा दुकानदार दारात हजर. वर्गणी त्यांनीच गोळा केली होती.

"वहिनी, पोरगी मैदानावर न्हाई आली. कावून?"

मी पदर तोंडाशी धरला. "झोपलीय."

"आमी बूट झोपायला घेऊन दिलते व्हय?"

मागून गिरणीवाला म्हणाला, "उशाला घेतले असतील, बघा." दोघंही हसले.

आवाजानं ती जागी झाली. आत बघते तर डोळे मिटलेलेच, आणि बसून बूट चढवतेय. माझ्या अंगाची आग झाली. परक्या पुरुषाला मी कधी उलटून बोलले नव्हते.

"किती दिलते तुमी?"

"आता हिशोब काढता का, वहिनी?"

"हां. तुमचा बी सांगा, समद्यांचा बी सांगा. देऊन टाकते."

ते चिडले, पण सांगितलं. दुकानदार कुणाचं काही विसरत नाही.

ते गेल्यावर पोरीनं विचारलं, "मग आज जाऊ नको?"

"नको."

"आन् उद्या?"

"तुला वाटलं तर जा."

एका पायात बूट तसाच ठेवून ती आडवी झाली.

यांनी दोन दिवस अबोला धरला. मला तेवढीच शांतता. औरंगाबादची स्पर्धा तिच्यावाचून झाली. खेळाचे सर म्हणाले, मुलीचं नुकसान केलंत. नळावर बायका विचारायच्या, "बूट इकले का गं?" मी घागर भरून निघून यायची.

उन्हाळ्यात परळीच्या नोकरदार बायकांच्या कुरडया केल्या. चीक हाटून हाटून खांदे भरून यायचे. पैसे येतील तसे घरोघर नेऊन दिले. फळवाले चाचा घेईनात. "बेटीला दिलते, परत कसं घेऊ?" म्हणाले. मी नोट आंब्याच्या पेटीवर ठेवली आणि मागं न बघता निघाले.

शेवटी किराणा दुकान राहिलं. तोवर तिची परीक्षा झाली होती. वाटलं तर संध्याकाळी परळीच्या रस्त्याला पळून यायची, नाही वाटलं तर लोळायची.

दुकानदारांनी नोटा दोनदा मोजल्या. "आता तरी पळंल ना पोरगी, वहिनी?"

"तिला इचारा," मी म्हणाले. "न्हाई, इचारू बी नका."

त्यांनी पैसे गल्ल्यात टाकले. गावाची सगळी वर्गणी फिटली.